खरे अठरा, जर्नलचे अठरा

आठवीत असताना मी पहिल्यांदा सलग अठरा तास वाचलं, आणि नव्या माणसाला ओळख करून देताना मी हे तिसऱ्या वाक्यात सांगते. पहिलं वाक्य नागपूरची, दुसरं इंजिनीअर, तिसरं हे. नवरा म्हणतो, तुला कोणी नुसतं किती वाजले विचारलं तरी तू तिथपर्यंत पोचशील. पोचेन की. मिरवण्यासारखं काही असेल तर माणसानं मिरवावं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला मिरवणूक निघायची, घराघरावर निळे झेंडे लागायचे, खीर व्हायची. पण त्याच्या आदल्या दिवशी विहारात सतरंज्या अंथरून वाचायला बसायचं. पहाटे पाच ते रात्री अकरा. ज्यांची जयंती, ते दिवसाचे अठरा तास अभ्यास करायचे. तर त्यांची लेकरं म्हणवणाऱ्यांनी वर्षातून एक दिवस तरी करावा, एवढीच त्यामागची भावना. वस्तीत हे माझ्या बाबांनी सुरू केलं. बाबा कापडगिरणीत सूत कातायच्या खात्यात होते, शिक्षण सातवी. बसायला आम्ही पोरं असायचो आणि आमच्यामध्ये बाबा, मांडीवर जाड पुस्तक आणि पाठ ताठ. आमच्या घरात ‘दमलो’ हा शब्द बैलाबद्दल चालायचा, माणसाबद्दल नाही. कोणी चुकून म्हटलंच तर बाबा विचारायचे, “दमलास? काहून? काय केलंस असं?” 

त्या वर्षापासून पुढे कित्येक वर्षं माझं एकही साल चुकलं नाही. कॉलेजात, नोकरीत, सातव्या महिन्याचं पोट घेऊनसुद्धा मी बसले. लग्न झाल्यावर चौदा तारखेला बाबांचा एकच प्रश्न फोनवर यायचा. “झाले का अठरा?” मी म्हणायचे, “झाले बाबा. तुमचे?” “झाले.” पुढे हवापाणी.

दोन हजार एक साली आम्ही मिशिगनला, ट्रॉयमध्ये आलो. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी बाई. मुलगी दोन वर्षांची होती. आसपास आपल्यातली सात-आठ कुटुंबं होती. महिन्यातून एका रविवारी सगळी जमायची. पहिलाच एप्रिल आला तसा मी अठरा तासांचा विषय काढला. बाहेर बर्फाचे शेवटचे काळपट ढिगारे वितळत होते आणि आमच्या बेसमेंटमध्ये नऊ माणसं पुस्तकं घेऊन बसली. दुपारी सामोसे आले तेव्हा पाच राहिली, संध्याकाळी तीन, आणि शेवटी मी. तेव्हापासून मंडळी मला ‘अठरा तासवाल्या ताई’ म्हणायला लागली. पुढच्या वर्षी मी नियमच छापून भिंतीला चिकटवले: वाचन सलग, जेवायला वीस मिनिटं, जो झोपला तो बाद. त्या कागदानं पुढे मला चांगलंच छळलं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात माझं पोट बिघडलं. दिवसाला पंधरा वेळा संडासला, त्यात रक्त. मी आधी तिखटाला दोष दिला, मग अमेरिकेच्या दुधाला. शेवटी दुर्बीण घालून तपासणी झाली आणि नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. आपल्या शरीराचे पहारेकरी आपल्याच मोठ्या आतड्यावर उलटतात, आतून सूज येते, जखमा होतात. हा आजार बरा होत नाही, शांत मात्र करता येतो. वर्षभर गोळ्या झाल्या, स्टेरॉइडनं तोंड भाकरीएवढं झालं आणि परत उतरलं. एक दिवस डॉक्टर म्हणाले, आतडं शांत आहे, रिपोर्ट सुंदर आहे. मी पेढे वाटले.

पेढे संपले तरी मी उठू शकत नव्हते. हे कसं सांगू? डोक्यावरून आंघोळ करायची तर शाम्पू दोन टप्प्यांत व्हायचा. हात वर धरवत नसत, मध्ये कोपरं भिंतीला टेकून उभी राहायचे. ऑफिसच्या पार्किंगमधून दारापर्यंत जाताना एक लाल गाडी लागायची, तिला टेकून मी श्वास घ्यायचे. ती कोणाची होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. रात्रभर झोपून उठले तरी आदल्या दिवशी विटा वाहिल्यासारखं अंग. मैत्रिणी म्हणायच्या, “अगं यार, आम्ही पण टायर्ड असतो. किड्स, जॉब, सगळ्यांचंच सेम आहे.” कोणी बीट सांगितलं, कोणी डाळिंब, कोणी पहाटे उठून पाणी. मी सगळं केलं. मुलगी शाळेतून आली की मी सोफ्यावर दिसायचे. एकदा तिनं चित्र काढलं, त्यात तिचे बाबा गाडीशेजारी, ती सायकलवर आणि मी आडवी. “आई, यू आर ऑलवेज स्लीपिंग,” ती म्हणाली. ते चित्र तिनं प्रेमानं फ्रिजला लावलं आणि मी प्रेमानं तिथंच राहू दिलं, पण फ्रिज उघडताना तिकडे बघायचे नाही.

दोन हजार पाचच्या एप्रिलला मी अठरा तासांना बसले. सातव्या तासाला बाथरूमला गेले आणि थोडं टेकावं म्हणून टबच्या कडेवर डोकं ठेवलं. नवऱ्यानं दार वाजवून उठवलं तेव्हा दोन तास झाले होते. खाली मंडळींना त्यानं सांगितलं की तिचं पोट दुखतंय, आणि मी परत येऊन शेवटपर्यंत पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. अक्षर एक दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, “झाले.” दोन हजार सहाला तर मी बसलेच नाही. मंडळींना सांगितलं मी घरी एकटीनं करते, आणि दिवसभर झोपले. बाबांना म्हटलं, “झाले.” मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी केल्या, पण बाबांशी खोटं त्याआधी बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर माझी मलाच इतकी किळस आली की मी नवऱ्याशी कारण नसताना भांडले.

त्याच वर्षी पोटाच्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं, रिपोर्ट इतका सुंदर आहे तर मी अशी का? त्यांनी लोह बघितलं, थायरॉइड बघितलं, झोपेचं विचारलं. मग म्हणाले, “ही दमणूक खरी आहे. आतडं शांत झाल्यावरही ती खूप जणांना उरते. तिच्याशी वागायचं कसं, हे शिकवणारी एक सायकॉलॉजिस्ट आहे. तिच्याकडे जा.”

गाडीत बसल्यावर मी पेटले. “पोट माझं बिघडलं आणि मी डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊ? वेडी आहे का मी?”

नवरा गाडी मागे घेत म्हणाला, “दातांच्या डॉक्टरकडे जातेस तेव्हा असं म्हणत नाहीस.”

“दात दिसतात.”

“दमणं पण दिसतं. फ्रिजवर लावलंय.”

माझा नवरा कमी बोलतो आणि नेम धरून बोलतो. मी अपॉइंटमेंट घेतली.

ती बाई उंच, काळी, पन्नाशी उलटलेली, डेट्रॉइटमध्येच जन्मलेली. तिचे वडील मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर तीस वर्षं उभे होते, हे तिनं नंतर कधीतरी सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं मला एकदाही ‘आराम कर’ म्हटलं नाही, म्हणून मी दुसऱ्यांदा गेले. तिचं म्हणणं साधं होतं. दमणूक शरीरातून येते, पण आपण तिच्याशी जे करतो त्यानं ती वाढते किंवा आवरते. बरं वाटलेल्या दिवशी तुम्ही आठवड्याचं काम उपसता, मग चार दिवस पडता, मग पडल्याबद्दल स्वतःला शिव्या देता, आणि त्या शिव्यांनीही दमता. मी म्हटलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती म्हणाली, तुम्हीच, आत्ता अर्ध्या तासात.

मग तिनं मला एक वही दिली. दर दोन तासांनी काय केलं ते लिहायचं, दमणुकीला शून्य ते दहा आकडा द्यायचा, आणि त्या वेळी मनात काय आलं ते एका ओळीत टिपायचं. तीन आठवड्यांनी घेऊन यायचं.

आता इथे माझी जात दाखवते, म्हणजे इंजिनीअरची. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल असायचं. प्रयोग वर्षभर कोणी केले न केले, सबमिशनच्या आदल्या दिवशी सगळे जर्नल भरायचे. उत्तर किती यायला पाहिजे ते पुस्तकात असायचंच. आधी ग्राफ काढायचा, झकास सरळ रेघ, आणि मग त्या रेघेवर बसतील अशी रीडिंगं लिहायची. अगदीच तंतोतंत बसली तर सर ओरडतात म्हणून मध्ये दोन रीडिंगं मुद्दाम जराशी चुकवायची. ही कला ज्याला येत नाही तो आमच्याकडे इंजिनीअर होत नाही.

तिसरा आठवडा संपला. वहीत पहिल्या दोन दिवसांपलीकडे काही नव्हतं. मी क्लिनिकच्या पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं आधी पोचले, पर्समधून तीन रंगांची पेनं काढली आणि जर्नल भरलं. सुरुवातीला आठ, मग सात, मध्ये एक आठ मुद्दाम, मग सहा, पाच, शेवटी चार. मनातले विचार लिहिले: ‘बरं वाटतंय.’ ‘प्रगती आहे.’ एका पानावर चहाचा थेंबही पाडला. खरं सांगते, काम उत्तम झालं होतं.

बाईंनी वही चाळली. पानं सावकाश उलटली. मग चष्मा काढून म्हणाली, “इतकी सुंदर सुधारणा मी आजवर पाहिली नाही.”

मी लाजले.

“मागचा गुरुवार,” ती म्हणाली. “नऊ ते पाच ऑफिस. दमणूक चार.”

“हो.”

“गुरुवारी बर्फाचं वादळ होतं. आमचं क्लिनिक बंद होतं, शाळा बंद होत्या. तुमचं ऑफिस उघडं होतं?”

नव्हतं. मी दिवसभर घरात होते. सकाळी मुलीला पास्ता करून दिला आणि दुपारभर सोफ्यावर. माझा धंदाच दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा, आणि मी तारखा तपासल्या नव्हत्या. मला आधी त्याचीच लाज वाटली. मग हसू आलं. मी तिला जर्नल म्हणजे काय ते सांगितलं, तीन पेनं टेबलावर काढून ठेवली, चहाच्या थेंबाचंही कबूल केलं. ती इतकी हसली की तिनं डोळे पुसले. आणि मग तिनं विचारलं, “हे मार्क तुम्हाला कोणाकडून पाहिजे होते? माझ्याकडून?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. सगळं सांगितलं. सतरंज्या, बाबा, अठरा तास, टबची कडा, दोन वेळा बोललेलं ‘झाले’. म्हटलं, माझ्या बापानं आठ-आठ तास गिरणीत उभं राहून रात्री पुस्तक वाचलं. त्याची पोरगी खुर्चीत बसून कामं करते आणि दमते. हे मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? त्याला वाटेल अमेरिकेत जाऊन सुखावली. माझ्याजवळ मिरवायला एकच गोष्ट आहे आणि ती पण आता खोटी आहे.

तिनं टेबलावरची पेनं एकेक करून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, “माझ्या वडिलांना मी आजारी पडलेलं कधी सांगितलं नाही. ते गेले. आता सांगता येत नाही.” एवढंच म्हणून तिनं कोरी वही पुढे केली. “या वेळी वाईट आकडे आणा. मला वाईट आकडेच कामाचे आहेत.”

घरी येऊन मी नवऱ्याला हा किस्सा सांगितला. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तेव्हापासून वहीचं काम तिनं अंगावर घेतलं. संध्याकाळी पेन्सिल घेऊन यायची.

“आई, नंबर?”

“सहा.”

“रिअल सिक्स ऑर जर्नल सिक्स?”

आठ वर्षांची पोर. मी म्हणायचे, “जर्नलचा. खरा आठ आहे.” ती खोडून आठ लिहायची आणि टाळी द्यायची, जणू मी बक्षीस मिळवलंय.

खऱ्या आकड्यांनी मला पुष्कळ शिकवलं. मी सर्वांत जास्त दमायचे ते काम केल्यावर नाही, दमलेलं लपवल्यावर. कुठेही गेल्यावर बाथरूम कुठे आहे हे शोधण्यात अर्धी शक्ती जायची. आणि मनातल्या विचारांच्या रकान्यात एकच शब्द सारखा येत होता: ‘आळशी’. बाईंनी विचारलं, तुमच्या मुलीला हा आजार झाला तर तिला हा शब्द वापराल? मी म्हटलं, वापरणाऱ्याची जीभ हासडीन. ती म्हणाली, मग ज्या बाईला तुम्ही हा शब्द दिवसातून दहा वेळा म्हणता तिच्या बाजूनं कोण उभं राहणार? मला राग आला.

मग शिकवणी सुरू झाली. थकायच्या आधी थांबायचं. बरं वाटत असताना थांबायचं, हे तर सगळ्यात अवघड. स्वयंपाकघरातला टायमर लावायचा, तो वाजला की हातातलं ठेवायचं. मी तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसू लागले, ऑफिसमध्ये मॅनेजरला आजाराचं सांगून टाकलं. लाल गाडीची गरज हळूहळू कमी झाली. आठाचा सहा झाला, कधी पाच. चारच्या खाली तो कधी गेला नाही, आजही जात नाही. दमणूक गेली असं मी म्हणणार नाही. आमचं एकमेकींशी जमू लागलं.

दोन हजार सातचा मार्च उजाडला आणि आमच्या रविवारच्या बैठकीत अठरा तासांचा विषय निघाला. मी उभी राहून म्हटलं, “या वर्षी मी अठरा तास करीन, पण रोज दोन तास, नऊ दिवस. सहा तारखेपासून चौदापर्यंत. मला आजार आहे, सलग बसता येत नाही. आणि मागच्या दोन वर्षी माझे झाले नव्हते. मी खोटं सांगितलं.”

 आमच्यातले सगळ्यात वडील काका, निवृत्त प्राध्यापक, मुलाकडे राहायला आलेले, घसा साफ करून म्हणाले, “तब्येतीचं समजू शकतो ताई. पण सलग नसेल तर ते नियमात बसत नाही.”

“नियम कोणी केला काका?”

“तुमचाच कागद आहे ना भिंतीवर.”

सगळे हसले. मीही. मग म्हटलं, “मीच केला, तर मीच मोडते. ज्यांच्या नावानं आपण बसतो त्यांनी अठरा तास कशासाठी अभ्यास केला काका? घड्याळाला दाखवायला? मागच्या वर्षांत माझ्या शेवटच्या सहा तासांत काय वाचलं, एक ओळ सांगता येणार नाही मला. तुम्हाला येईल?”

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” म्हणाले. घरी येऊन मी भिंतीवरचा तो कागद काढला. टेप ओढताना रंगाचा एक पापुद्राही निघाला.

सहा एप्रिलला सुरुवात केली. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या माणसांचा इतिहास सांगणारं जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आणलं होतं. चौथ्या दिवशी मला इतकं छान वाटलं की वाटलं, आजच पाच तास उरकून टाकावेत. टायमर वाजला, मी पान उलटलं. मुलीनं येऊन पुस्तकावर तळहात ठेवला. “आई. टायमर.” “पाच मिनिटं फक्त.” “नो. दॅट्स हाऊ यू गेट अ नाइन.” मी पुस्तक मिटलं. माझ्याच बापाची पाठ त्या पोरीच्या पाठीत दिसली मला, तशीच ताठ.

चौदा तारखेला सकाळी अठरावा तास संपला. नेहमीप्रमाणे बाबांचा मिस्ड कॉल आला. आमची पद्धतच ती. त्यांनी एक रिंग द्यायची, मी इकडून कॉलिंग कार्डानं लावायचा.  सदतीस वर्षांची बाई, एका मुलीची आई, आणि बापाच्या एका प्रश्नाला भ्यायलेली.

“झाले का अठरा?”

“झाले बाबा. पण सलग नाही. नऊ दिवसांत, रोज दोन तास. माझ्यानं सलग होत नाही आता. पोटाचा आजार बरा वाटला तरी दमायला होतं, फार. त्यासाठी एका सायकॉलॉजिस्टकडे जाते. आणि बाबा, मागच्या दोन वर्षी झाले नव्हते. मी तुम्हाला खोटं सांगितलं.” मग घाबरून मी वहीचंही सांगितलं, आकड्यांचं, जर्नलचं, तीन पेनांचं, बर्फाच्या गुरुवारचं. थांबायचा धीर होत नव्हता म्हणून बोलत सुटले.

 मग बाबा म्हणाले, “वाचलं काय?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता. मी सांगत गेले. गिरण्यांचे भोंगे, पाळ्या, कापसाच्या तंतूंनी भरलेली छाती, बायकांना मिळणारी कमी मजुरी. मला सगळं आठवत होतं, प्रकरणांसकट. बाबा मध्ये मध्ये म्हणत, “बरोबर आहे. आमच्या खात्यातही तसंच होतं.” अर्धा तास झाला. कॉलिंग कार्डावरचं रेकॉर्डिंग एक मिनिट उरलं म्हणून सांगू लागलं. “बरं,” बाबा म्हणाले. “ठेवतो.”

बस, एवढंच. ते दुखावले का, रागावले का, काही कळलं नाही. पुढे वर्षभर दर रविवारी बोलणं व्हायचं, पण त्या विषयावर ते अवाक्षर बोलले नाहीत आणि विचारायची माझी छाती झाली नाही. बाईंना म्हटलं, मी सांगितलं, पण मार्क मिळाले नाहीत. ती म्हणाली, मार्क नाही मिळाले तरी तुम्ही उभ्या आहात, वहीत लिहा. लिहिलं. त्या दिवशीचा आकडा पाच होता. खरा.

दोन हजार आठचा चौदा एप्रिल सोमवारी आला. माझे नऊ दिवस आदल्याच दिवशी पुरे झाले होते. आता आमच्यातले चौघे तसंच करत होते, काकासुद्धा; त्यांच्या गुडघ्यांना सलग बसवत नाही हे त्यांनी माझ्या भाषणानंतर सहा महिन्यांनी कबूल केलं. सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत फोन वाजला. बाबा. मी नेहमीप्रमाणे एका रिंगनंतर तो बंद होण्याची वाट बघितली. दुसरी रिंग झाली, तिसरी झाली. त्यांनी कापलाच नाही. काहीतरी वाईट झालं म्हणून मी झडप घालून उचलला.

“बाबा? काय झालं?”

“झाले माझे अठरा.”

दरवर्षी विचारणारे ते, सांगणारी मी. 

“लिहून घे,” ते म्हणाले, जणू मी समोर वही घेऊनच बसले आहे. “सहा तारीख, सकाळी दोन तास, दमणूक चार. सात तारीख, दोन तास, पाच. आठ तारखेले पाठ दुखली, एकच तास झाला, दमणूक आठ. नवाला तीन घेतले, ते चुकलं, दहाला निजून होतो…” त्र्याहत्तर वर्षांचा माझा बाप एकेक दिवस वाचत गेला. पान उलटल्याचा आवाज येत होता. एकही रेघ सरळ नव्हती. “शेवटल्या दोन दिवसांत भरून काढले. वस्तीतले पोट्टे पण वही करू लागले. ज्याले जमते ते सलग बसतात, ज्याले नाही जमत ते असे. मी त्यायले सांगितलं, माझ्या पोरीची पद्धत आहे.”

मुलगी दप्तर पाठीला लावून दाराशी उभी होती. तिला एवढंच कळलं होतं की आजोबा आकडे सांगताहेत. तिनं फोनजवळ तोंड आणून विचारलं, “आजोबा, रिअल नंबर्स ऑर जर्नल नंबर्स?”

मी भाषांतर करायला गेले, पण त्यांना कळलं होतं.

“खरे,” बाबा म्हणाले.  “त्याच्या आधीचे चार वर्षं मात्र जर्नलचे होते, बेटा. मी विहारात बसत होतो अन् दुपारी मागच्या खोलीत निजत होतो. तुझ्या आईले ‘झाले’ म्हणत होतो. तिनं सांगितलं तेव्हा मले सांगता आलं नाही.”

मी ऑफिसला उशिरा पोचले. दाराशी जाताना लाल गाडी होती तिथंच, पण टेकले नाही. ताठ पाठीनं अठरा तास बसलेल्या बाबांचा मला लहानपणापासून अभिमान आहे. पण तो त्या सकाळच्या अभिमानाच्या पासंगालाही पुरणार नाही.